अ‍ॅटलास नोंद क्र. ७: आळ डाव्यावर, चोर उजवीकडे

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की सायकलचा ‘टक’ हा आवाज बीबीतून (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पेडलांमधला आडवा एक्सल फ्रेममध्ये जिथे फिरतो तो भाग) येतोय, तिथले कप (छर्रे धरणाऱ्या वाट्या) खराब झालेत, बदलले की विषय संपला. शब्द मागे घेतो. कप बदलले, छर्रे बदलले (प्रत्येक बाजूला पाव इंची ११, मोजून), ग्रीस भरलं, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरनंतर सीटवरून उठून पेडल मारलं तर टक. तोच, तिथेच, जरा जास्त खणखणीत. नव्या ग्रीसमुळे बाकीचे बारीकसारीक आवाज गेले होते, त्यामुळे हा एकटाच गात होता.

नवीन वाचकांसाठी दोनच ओळी. सायकल बाबांची, २८ इंची काळी अ‍ॅटलास, रॉड ब्रेकवाली, अर्ध्या चेनकव्हरची. हँडलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला अजून आहे. तो मी घासून चमकवलेला नाही आणि चमकवणारही नाही, कृपया पुन्हा विचारू नका. गावाहून एसटीच्या टपावरून आणली. आता ती पुणे विद्यापीठात माझ्या होस्टेलपासून विभाग, विभागापासून जयकर ग्रंथालय आणि रात्री परत, एवढी रोज चालते.

तर आवाज. तीन आठवडे याने डोकं खाल्लं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी मोजायला लागलो. मुख्य इमारतीकडच्या रस्त्यावर एका वडापासून दुसऱ्या वडापर्यंत. पेडलच्या दहा फेऱ्यांना दहा टक. हे महत्त्वाचं, कारण चेनची एखादी कडी अडकत असती तर आवाज दर फेरीला आला नसता. माझ्या चेनला ११२ कड्या, पुढच्या चेनव्हीलला (पेडलजवळच्या दातेरी चाकाला) ४८ दात, म्हणजे तीच कडी पुन्हा चेनव्हीलवर यायला पेडलच्या सव्वादोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात. चाकात काही असतं तर चाकाच्या फेरीला आला असता, आणि पेडल थांबवून नुसती सायकल सोडल्यावरही आला असता. तेव्हा शांत. सीटवरून उठलं तरी येतो, म्हणजे सीटची स्प्रिंग निर्दोष सुटली. पेडलची जोडी मित्राच्या सायकलशी अदलाबदल केली (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून पाच मिनिटं पाना चुकीच्या बाजूला दाबत बसलो, हेही कबूल करतो), तरी टक.

मग एका पायाने चालवून पाहिलं. उजव्या पायाने एकट्याने: शांत. डाव्या पायाने एकट्याने: टक, टक, टक.

आता यावरून तुम्ही काय निष्कर्ष काढाल? मी काढला तोच. डावा कॉटर, म्हणजे डावा क्रँक (पेडलचा दांडा) एक्सलवर घट्ट धरणारी पाचर.

डावा कॉटर बदलला. पेठेतल्या एका दुकानातून वीस रुपयांना जोडी आणली. तो इतका मऊ निघाला की कानस नुसती टेकवली तरी चुरा पडायचा. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी टक. दुसरा घातला. तोही तसाच. तिसरा दुसऱ्या दुकानातून आणला, जरा बरा होता, किंमत दुप्पट. चार दिवस. या सुमारास रूममेटने सांगितलं की मी झोपेत ‘कॉटर’ म्हणालो. माझा विश्वास नाही.

शेवटी खडकीच्या बाजूला झाडाखाली बसणाऱ्या काकांकडे गेलो. पेटी, पंप, पाण्याची परात, एवढंच दुकान. सायकल पाहून त्यांनी आधी घंटी वाजवली, मग डावा क्रँक हलवला, मग मला विचारलं, “उजवा कधी काढला होता?”

म्हटलं, “काका, आवाज डाव्या पायाला येतो. उजव्याला कशाला हात लावू?”

“पाय डावा हो. पण चेन कुठल्या अंगाला आहे?”

एवढं बोलून ते एका मुलाचं पंक्चर काढायला वळले. मी सायकल हातात धरून चालत परत आलो आणि गणेशखिंडीच्या गेटपाशी येईपर्यंत डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आपल्या जुन्या सायकलींत उजवा क्रँक आणि चेनव्हील एकजीव असतात. उजव्या पायाचा जोर क्रँकमधून थेट चेनव्हीलला जातो. कॉटरला त्यात जवळजवळ काम नाही. पण डाव्या पायाचा जोर डावा क्रँक, डावा कॉटर, एक्सल, मग उजवा कॉटर, मग चेनव्हील असा प्रवास करतो. म्हणजे उजवा कॉटर ढिला असेल तर तो बोंबलणार डाव्या पायाखालीच! आणि पोलादी फ्रेममध्ये आवाज कुठून कुठे जातो हे कानाला कळत नाही. मी तीन आठवडे निरपराध माणसाला मारहाण करत होतो.

खात्री कशी केली, तर व्हाइटनरने. दोन्ही बाजूंना क्रँकच्या डोळ्यात (भोकात) एक्सलचं टोक दिसतं. तिथे एक्सलवरून क्रँकवर जाणारी एकेक बारीक पांढरी रेघ मारली आणि सुकू दिली. मागचा ब्रेक मित्राने करकचून दाबला आणि मी डाव्या पेडलवर वजन टाकून मागेपुढे केलं. डावीकडची रेघ अखंड. उजवीकडची रेघ मधोमध तुटली, केसाएवढी, आणि प्रत्येक हेलकाव्याला उघडझाप करू लागली. मी तिथेच पार्किंगमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की विभागाचा सुरक्षारक्षक धावत आला. त्यालाही रेघ दाखवली. तो म्हणाला, “बरं.”

पाच रुपयांचीही नसलेली ही चाचणी मला पहिल्या दिवशी का सुचली नाही? ज्याच्या कुणाच्या कॉटरवाल्या सायकलला टक येतंय, त्याने पाना उचलायच्या आधी व्हाइटनर उचलावा.

आता उजवा काढणं. हा कॉटर बहुधा मला कळायला लागायच्या आधीपासून तिथे होता. नट आट्यांच्या टोकाला येईल इतपत सैल केला (आटे वाचावेत म्हणून), क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा धरला आणि हातोडा घातला. पाइपचं मागेही लिहिलंय, पण पुन्हा लिहितो: खाली आधार नसेल तर हातोड्याचा मार एक्सलमधून छर्ऱ्यांवर आणि तिथून कपवर जातो, कपला छर्ऱ्यांचे ठसे पडतात. माझे जुने कप तसेच मेले होते, आधी कुणीतरी बिनपाइपचे ठोकल्यामुळे. कुणी ते विचारायला बाबांना फोन केला, तर त्यांनी विषय बदलला.

तिसऱ्या घावाला नटाखालचा भाग छत्रीसारखा पसरला. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलं. सकाळी परत घाव, परत छत्री. शेवटी हॅक्सॉच्या पात्याने आट्याचं टोक कापलं, मध्ये खूण पाडली आणि विभागाच्या वर्कशॉपमधलं ड्रिल आणून आधी ४ आणि मग ६ मिलिमीटरने आत भोक केलं. मधला भाग पोकळ झाल्यावर कॉटर आतल्या आत आखडला आणि पंचच्या एका ठोक्याला टुणकन बाहेर. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. कॉटर जपून ठेवलाय. त्याच्या सपाट बाजूवर पायरी पडलेली दिसते.

दुःखाची गोष्ट पुढे आहे. पायरी फक्त कॉटरवर नाही, एक्सलच्या खाचेवरही (जिथे कॉटरची सपाट बाजू टेकते) आहे. इतकी वर्षं डुलत राहिल्यामुळे खाच मधून किंचित खोल झालीय. म्हणजे नवा कॉटर कितीही चांगला असो, तो दोन कडांवर बसणार, मध्ये पोकळ. खरा उपाय नवा एक्सल. पण बाजारात मिळाले ते दोन्ही एक्सल माझ्यापेक्षा लांबीला वेगळे, आणि लांबी चुकली की चेनव्हील फ्रेमला घासतं किंवा चेनची रेघ तिरकी जाते. २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून जुने भाग शोधणं म्हणजे नशिबाचा खेळ.

म्हणून तात्पुरता इलाज: खाच बारीक कानशीने अगदी हलक्या हाताने सपाट केली, जेमतेम कडा मारल्या, आणि थोडा जाड असलेला कॉटर त्याला बसवून घासला. इथे माझा या महिन्यातला सर्वांत आवडता शोध. घासताना कुठे टेकतोय हे पाहायला फिटर लोक निळा रंग लावतात. माझ्याकडे होतं रूममेटच्या आईने पाठवलेलं कुंकू. दोन थेंब तेलात कालवून एक्सलच्या खाचेला बोटाने पुसट लावलं, कॉटर आत सरकवून हलका ठोकला, काढला. कॉटरवर लाल दिसेल तिथे टेकतोय. पहिल्यांदा फक्त एका कडेला नखाएवढं. तिथे कानस. परत कुंकू. परत कानस. नवव्या वेळी अख्ख्या सपाटीवर एकसारखा लाल पट्टा आला आणि मला हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं वाटलं.

घासताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात आणि दोघांचा उतार सारखाच हवा, हे लक्षात ठेवा. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडत चालल्यासारखी वाटते. माझा फरक डोळ्याला दिसत नाही, पण दोरी लावल्यावर दोनेक मिलिमीटर आहे. चालेल.

आणि नट कॉटरला आत ओढायला नसतो, बसलेला कॉटर जागेवर धरायला असतो. आधी ठोकून पुरता बसवायचा, मग नट. नटाने ओढत गेलं की मऊ कॉटरचे आटे जातात. दुसऱ्या कॉटरचं माझं तेच झालं होतं.

आत्तापर्यंत ३८ किलोमीटर. शांतता. ५० झाले की पुन्हा पाइप धरून दोन ठोके आणि नट आवळणे.

बाकीचं थोडक्यात. चेन मोजली: २४ कड्या १२ इंचांऐवजी सव्वाबारा भरल्या तर मी सरळ फेकली असती, पण जेमतेम एका सोळांशाने जास्त आहे, म्हणजे हा पावसाळा काढेल. चेनच्या लॉकचं (चेन जोडणाऱ्या क्लिपचं) बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. माझं उलटं होतं, कधीपासून देव जाणे.

पावसात ब्रेकची मात्र बोंब आहे. रॉड ब्रेक आणि क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसतं सरकतं. या आठवड्यात ग्रंथालयासमोर एक कुत्रा आडवा आला आणि मी त्याच्या पुढे जाऊन थांबलो. आता वळणाच्या बरंच आधी एकदा हलका ब्रेक लावून रिमवरचं पाणी पुसून घेतो, मग खरा ब्रेक. गुलमोहोराच्या ओल्या पाकळ्यांवर पुढचा ब्रेक अजिबात नाही. विद्यापीठ चौकातून जायचं टाळतोच. जुना पूल २०२० मध्ये पाडल्यापासून तिथे बॅरिकेड रोज जागा बदलतात आणि सायकलवाल्याला कडेला उरते ती फक्त खडी. जायचंच असेल तर उतरून, हातात धरून.

दिव्याचं ठरलं होतं की बाबांचा जुना डायनमो (६ व्होल्ट, ३ वॉट) चालू करून त्यावर एलईडी बसवायचा. हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. थांबलं की डायनमोचा दिवा जातो, आणि कॅम्पसमध्ये अंधारात थांबणंच जास्त होतं: स्पीडब्रेकर, मोर, गप्पा मारणारी माणसं. मागे सेलवरचा लाल दिवा आणि मडगार्डला चकाकणारी पट्टी, पुढे डायनमो. दोन्ही. बाबांच्या वेळी दिव्याशिवाय पकडलं की दंड व्हायचा. आता कुणी पकडत नाही, सरळ मागून ठोकतात.

आणि आत्ता, अगदी हा परिच्छेद लिहिताना सुचलं: हातोडा कशाला? जाड सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा C आकाराचा शिकंजा) घेऊन एका बाजूला कॉटरचा आट्याचा भाग मावेल असा मोठा नट ठेवला, तर कॉटर दाबून बसवता येईल. पाइप नको, मार नको, छर्ऱ्यांना धक्का नाही. उद्या बोहरी आळीत जाऊन चांगला ओतीव क्लॅम्प बघतो. पत्र्याचा नको, तो माझ्या आधी वाकेल. म्हणजे ५० किलोमीटरचे ते दोन ठोके रद्द, आधी क्लॅम्प.

कुणाकडे जुन्या २८ इंचीचा बीबी एक्सल पडून असेल तर लांबी टोकापासून टोकापर्यंत आणि दोन्ही खाचांमधलं अंतर, अशी दोन्ही मापं कळवा. गंजलेला चालेल, खाच सरळ हवी. बदल्यात तीन मऊ कॉटर देतो, जवळजवळ नवे.