छाती आवळणारा शब्द

मागच्या हिवाळ्यात बाबांना धंतोलीतल्या एका रुग्णालयात न्यावे लागले. डॉक्टरांनी त्रास नेमका कसा होतो असे विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, "छाती कोणी आवळून धरल्यासारखी वाटून राहिली." कागदावर निदान लिहिले गेले, अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारे दुखणे. रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून मी त्या शब्दाचाच विचार करत होतो आणि घरी परतल्यावर कोश उघडून बसलो.

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात या दुखण्याला अंजायना पेक्टोरिस हे नाव दिले, कारण त्यात रुग्णाला गळा दाबल्यासारखे वाटते आणि त्याचा जीव घाबरा होतो. पेक्टोरिस म्हणजे छातीचा; अंजायना हा लॅटिन शब्द मूळचा घशाच्या आजाराचा असून त्याचे नाते ‘अँगेरे’, म्हणजे आवळणे, या क्रियापदाशी आहे. बाबांना लॅटिनचा गंधही नाही, तरी त्यांनी नेमके तेच क्रियापद वापरले होते. इंग्रजीतले अँक्शस आणि अँग्विश याच क्रियापदातून आले. अँगर हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ राग नसून दुःख असा होता, पण मूळ धातू तोच. जर्मन भाषेत ‘एंग’ म्हणजे अरुंद आणि ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती. मला सर्वांत हलवून गेला तो याच कुळातला वैदिक ‘अंहस्’. ‘अंहु’ म्हणजे अरुंद, आणि ज्यातून सोडवावे म्हणून ऋग्वेदातले ऋषी देवांना विनवतात, ते ‘अंहस्’ म्हणजे क्लेश.

इंग्रजीत आवळण्याचे आणखी एक मोठे घराणे आहे, ते लॅटिन ‘स्ट्रिंगेरे’ या क्रियापदाचे. स्ट्रिक्ट आणि रिस्ट्रिक्ट त्यातले आहेत हे सहज ओळखू येते, स्ट्रेस आणि डिस्ट्रेसही थोड्या विचाराने पटतात. परंतु सिव्हिल लाइन्समधून जाताना ज्या डिस्ट्रिक्ट कोर्टाची पाटी मी वर्षानुवर्षे वाचत आलो, तो डिस्ट्रिक्टही याच घराण्यातला असेल असे कधी वाटले नव्हते. मध्ययुगीन युरोपात सरंजामदाराचा लोकांना धरण्याचा, अडवण्याचा अधिकार जिथवर चाले, तेवढ्या मुलखाला हे नाव मिळाले.

आपल्या भाषेतही दुःखाला जागेचेच माप आहे. ‘संकट’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ अरुंद, दाटीचे असा आहे. पैशाची तंगी म्हणतो त्यातला फारसी ‘तंग’ म्हणजेही अरुंद. आमच्या इतवारीतल्या जुन्या घराच्या जिन्यावरून दोन माणसे एका वेळी जाऊ शकत नसत, आणि आजी "इथं फार अडचण आहे" म्हणायची, तेव्हा तिला फक्त जागा अपुरी आहे एवढेच सांगायचे असे. पुढे शाळेत गणितातल्या अडचणी विचारताना त्या जिन्याची मला कधी आठवण झाली नाही.

वेदात ‘अंहस्’ला उत्तर म्हणून येतो तो ‘उरु’, म्हणजे विस्तीर्ण. औषधे सुरू होऊन चार दिवस झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा छातीचे विचारले, तेव्हा बाबांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आता मोकळं वाटून राहिलं."