पेटीवाल्या सरांची भद्रा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवले ते आपले पेटीवाले सर. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी. त्यांचंही ऋण आहेच, पण या दोन पानांत मला फक्त सरांबद्दल लिहायचं आहे. इतकी वर्षं लिहायचं राहून गेलंय.

सरांची मातृभाषा कानडी. मिरजेत हे काही नवलाचं नाही. पण सर खूप आतल्या भागातले, भद्रावतीकडचे. मराठी त्यांनी इथे येऊन, गाणी म्हणत म्हणत शिकलेलं. वऱ्हांड्याच्या टोकाच्या खोलीत त्यांची पेटी असायची आणि भिंतीवर भूगोलाच्या तासाला लागणारा भारताचा मोठा नकाशा. गायनाच्या खोलीत नकाशा कशाला, असं नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटायचं. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत झालं पाहिजे म्हणून सर हातातलं घड्याळ काढून पेटीवर ठेवत. पण त्याआधी द्राविड, उत्कल, बंग कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागे. ज्याला दाखवता आलं नाही, तो त्या दिवशी फक्त ऐकणार.

मी आठवीत होते, म्हणजे १९८६ चा पावसाळा. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ बसवायचं चाललं होतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज आम्ही रेडिओवर इतक्यांदा ऐकला होता की हे गाणं शिकावं लागेल असं कुणाला वाटतच नव्हतं. सगळे जीव खाऊन ओरडत होते. सरांनी हात वर केला. “गर्जा म्हणजे ओरडा नव्हे. सिंह घसा बसवून घेतो काय?” मग एकेकाला म्हणायला लावलं. माझी पाळी आली आणि नद्यांच्या ओळीत मी ‘कृष्ण कोयना’नंतर ‘राधा गोदावरी’ म्हटलं. लहानपणापासून मी तसंच ऐकलं होतं. कृष्ण आला की राधा येणारच, असा माझा समज.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. पेटीचा भाता बंद करून उठले आणि मला हाताला धरून नकाशाजवळ घेऊन गेले. “रेवा दाखव.” मला येईना. त्यांनी नर्मदा दाखवली. महाराष्ट्राला ती फक्त वर, तेव्हाच्या धुळे (आताच्या नंदुरबार) जिल्ह्याच्या टोकाशी शिवते, हेही सांगितलं. वरदा म्हणजे विदर्भातली वर्धा. कृष्ण म्हणजे आपली कृष्णा, मात्रेसाठी एक काना कवीने सोडला. कोयना तिला कऱ्हाडला भेटते. गोदावरी मला ठाऊक होती. मग त्यांचं बोट खाली उतरलं, आपल्या राज्याची रेघ ओलांडून आणखी खाली, शिमोग्याजवळ. “ही भद्रा. कूडलीला तुंगेला मिळते, तिथून तुंगभद्रा होते, आणि तुंगभद्रा शेवटी तुमच्या कृष्णेत. माझ्या आईचं माहेर हिच्या काठावर. महाराष्ट्राच्या गाण्यात माझ्या आजोळची नदी आहे, पोरी. ती गाळू नकोस.”

एवढीच घटना. सगळी मिळून पाच मिनिटं लागली असतील. पण त्यानंतर ती ओळ मी कधी घाईने म्हटली नाही. पुढची ओळ आली की भीमथडीची तट्टं यमुनेवर पाणी प्यायला निघालेली मला खरंच दिसायची, कारण बोट फिरवत फिरवत सरांनी आम्हाला भीमेकाठाहून दिल्लीपर्यंत नेलं होतं. हे गाणं आपल्या राज्याचं, पण त्यातल्या नद्या राज्याबाहेर जातात आणि घोडी देशाच्या राजधानीपर्यंत. ते म्हणताना मी मराठी आहे आणि भारतीय आहे, या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या कराव्या लागल्या नाहीत.

तो काळ सोपा नव्हता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याच जूनमध्ये सीमाभागात कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं, बेळगावकडच्या बातम्या रोज येत होत्या. महाराष्ट्राचं गाणं कानडी मास्तरांनी का बसवावं, असं एका पालकांनी शाळेत येऊन विचारल्याचं माझ्या आईने मला नंतर सांगितलं. सरांच्या कानावर ते गेलं असणार. १५ ऑगस्टला पाऊस होता. पत्र्याच्या शेडखाली आम्ही उभे होतो. सर पेटीमागे बसले आणि प्रत्येक शब्द आमच्याबरोबर स्वतः म्हणाले. एरवी ते कधी म्हणत नसत.

दोन वर्षांनी, १९८८ च्या १५ ऑगस्टला, दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं आणि मग रोजच लागू लागलं. सरांकडे टीव्ही नव्हता. संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहत. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. सुरुवात भीमसेनजींच्या आवाजाने होते. सर आईला म्हणाले, “बघा वहिनी, हे गदगचे.” मग उभ्या उभ्याच सगळी परंपरा सांगितली. अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण राहिले मिरजेत आणि विसावले आपल्याच दर्ग्याच्या आवारात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांचे शिष्य भीमसेन, कानडी घरात जन्मलेले, पुण्यात राहिलेले आणि अभंग असे गाणारे की वारकऱ्याने डोळे मिटावेत. गाण्यात कानडी ओळ आली की सरांचे ओठ हलत, आणि मराठी ओळ आली तरी हलत. दर्ग्याच्या उरसात रात्रभर गाणं ऐकायला त्यांनी आम्हा चार-पाच मुलींना आयांसकट नेलं होतं. सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, तेही त्यांनीच दाखवलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. बातमी वाचली तेव्हा ती सांगायला सर हवे होते असं फार वाटलं.

मी इंजिनिअर झाले, नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि इथलीच झाले. आज माझ्या हाताखाली साठ माणसं काम करतात, देशाच्या बहुतेक सगळ्या राज्यांतली. त्यात माझं कर्तृत्व कमी आणि त्या नकाशाचं जास्त. मुलगी पहिलीत असताना शाळेतून एक गाणं म्हणत आली, ‘जय भारत जननिय तनुजाते’. कुवेंपूंची ही कविता २००४ पासून कर्नाटकाचं राज्यगीत आहे. मी स्वयंपाकघरात होते. दुसरी ओळ माझ्याच तोंडून बाहेर पडली. मुलगी चकित झाली, आणि मीही. सरांनी कधीतरी मधल्या सुट्टीत म्हणून दाखवलं होतं, अर्थासकट. त्यात कर्नाटक ही भारतमातेची लेक आहे. “आईचं नाव आधी, मग लेकीचं,” असं ते म्हणाले होते.

मी त्यांना हे कळवायला हवं होतं. पत्ता होता, फोन नंबरही मिळाला असता. दिवाळीत मिरजेला गेल्यावर भेटू, असं ठरवत राहिले. भीमसेनजी गेले त्याच वर्षी, २०११ मध्ये, सरही गेले. मला चार महिन्यांनी कळलं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ महाराष्ट्राचं राज्यगीत झालं तेव्हा इथल्या मराठी मुलांना ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी नकाशा विकत आणला. हल्ली शाळाशाळांतून राज्यगीत ध्वनिक्षेपकावर वाजतं आणि मुलं नुसती उभी असतात, हे पाहून माझ्या पोटात तुटतं. वाजवलेलं गाणं कानावरून जातं. नदीवर बोट ठेवलेलं गाणं माझ्यात अजून आहे.

गेल्या वर्षी मुलीला घेऊन कूडलीला गेले होते. संगमाच्या पायऱ्यांवर बसून ती ओळ म्हटली, सावकाश.

महोत्सवाला मी येते आहे. सरांची पेटी कार्यालयाच्या कपाटात कुलपात आहे, असं कळलं. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती आधी काढून ठेवावी आणि सूर लावून घ्यावेत. खर्च मी देईन. भारताचा नकाशा मी घेऊन येते.