अर्धा चमचा म्हणजे नक्की किती?

चौदाव्या आठवड्याची लस देऊन आम्ही भांडुपला परतलो तेव्हा लेक शांत झोपली होती. रात्री अकराच्या सुमारास मात्र ती कण्हू लागली, मांडीवर टोचलेल्या जागी लालसर गाठ आली होती आणि काखेतला थर्मामीटर १०१ दाखवत होता. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लशीनंतर असा ताप येतो व बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अर्धा चमचा पाज, वन्संच्या बाळाला तेवढंच देत होतो." मी चमचा घ्यायला वळलेही होते.

नाक्यावरच्या मेडिकलमधून आणलेली तापाच्या औषधाची नवी बाटली ट्यूबलाइटखाली धरली, तेव्हा मुंगीएवढ्या अक्षरांत दिसले: प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. ते ड्रॉप्स होते. वन्संच्या घरी होते ते सिरप, त्यात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला अवघे २५. औषध तेच पॅरासिटामॉल, खोकीही जवळपास सारखीच, पण ताकद चौपट. (हे असे का विकतात, याचा मला अजूनही राग येतो.)

या औषधाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. आमची लेक ६ किलोची, म्हणजे तिला ६० ते ९० मिलिग्रॅम पुरेसे; अर्ध्या चमच्यात अडीच मिलिलिटर ड्रॉप्स गेले असते, तर एका दमात २५० मिलिग्रॅम पोटात गेले असते, आणि असे डोस पुन्हा पुन्हा दिले गेले तर त्याचा भार यकृतावर पडतो. लशीच्या फाइलमधली चिठ्ठी काढून पाहिली, तर डॉक्टरांनी 'ड्रॉप्स ०.८ मिलि' असे स्पष्ट लिहिले होते. घाईत ती कोणी उघडलीच नव्हती. बाटलीबरोबरच्या ड्रॉपरने तेवढेच मोजून, गालाच्या आतल्या बाजूने थेंबथेंब पाजले.

दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यावेत, आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक डोस देऊ नयेत. मात्र तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर आपल्या मनाने औषध पाजत बसण्यापेक्षा लगेच डॉक्टरांना गाठावे. आयबुप्रोफेन हे तापावरचे दुसरे औषध सहा महिन्यांखाली डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि मुंबईच्या पावसाळ्यात, जेव्हा प्रत्येक तापामागे डेंग्यूची शंका असते, तेव्हा तर ते टाळावेच, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन लहान मुलांना तापावर देतच नाहीत. एके काळी घरोघरी असलेल्या निमेसुलाइड या तापाच्या औषधावरही आपल्याकडे २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी बंदी आहे. सर्दीच्या औषधांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, त्यामुळे ताप आणि सर्दी अशा दोन बाटल्या एकत्र देण्याआधी दोन्हींवरची घटकांची ओळ वाचावी.

पहाटे चारच्या सुमारास ताप ९९ वर आला. फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर मी वेळ आणि मात्रा लिहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या डोसासमोर सासूबाईंच्या अक्षरात होते: ०.८, ड्रॉपरने.