तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बाई, त्या ट्रम्पचं तुम्हाला काय पडलंय?’

पहिल्यांदा विचारलं ते रंकाळ्यावर, सकाळच्या फेरीत. मग एका जावळाच्या जेवणात, तांबड्या रश्श्याची वाटी हातात धरून. मग माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं, जो आता दोन पोरांचा बाप आहे आणि तरीही मला बघितलं की चप्पल नीट करतो. शब्द इकडचे तिकडे, प्रश्न तोच: "बाई, तो ट्रम्प तिकडं काय बोलला, त्याचं तुम्हाला एवढं काय पडलंय?"

चूक माझीच आहे. कुणी ‘मत देऊन काय उपयोग’ म्हटलं, की मी ते वाक्य काढते. एकदा काढलं, दोनदा काढलं, आता माझ्या नावावरच लागलंय. तेव्हा एकदाच सविस्तर सांगून टाकते.

२६ जुलै २०२४. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचमध्ये एका मेळाव्यात डोनाल्ड ट्रम्प बोलत होते. समोर श्रद्धाळू ख्रिस्ती मंडळी. त्यांना ते म्हणाले, एवढ्या एका वेळेला बाहेर पडा आणि मत द्या. चार वर्षांत सगळं असं नीट करून टाकू की पुन्हा तुम्हाला मत द्यावंच लागणार नाही. (तारीख वाचून मी जरा थबकले. २६ जुलै म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला १९०२ सालचा शाहू महाराजांचा जाहीरनामा आठवतो, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना पन्नास टक्के जागा राखणारा. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण तारखांची खोड शिक्षकाची, ती पेन्शनीत जात नाही.)

त्यावर ओरड झाली, की हा माणूस निवडणुकाच बंद करणार. मला ते तेवढं सोपं वाटलं नाही. तिथं राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येतं, १९५१ पासून घटनेतच तसं लिहिलंय. निवडणूक घ्यायचं काम राज्यांकडे आणि त्यांच्याखालच्या काउंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांकडे, वाटलेलं आहे, एकाच्या हुकमानं थांबेल असं ते नाही. अर्थात लोक घाबरले यात त्यांचीही चूक नव्हती. २०२० चा पराभव ज्यानं मानला नाही, ज्याचे समर्थक ६ जानेवारी २०२१ ला थेट संसदेच्या इमारतीत घुसले, त्याच्या तोंडून ‘पुन्हा मत द्यावं लागणार नाही’ ऐकल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल.

पुढं एका टीव्ही मुलाखतीत त्यांनी खुलासा केला. ही मंडळी एरवी फारशी मत द्यायला जात नाहीत, म्हणून म्हटलं एकदा तरी जा, मग देश असा सरळ करतो की तुमच्या मताची गरजच पडणार नाही. मूळ वाक्य ऐकून मला नुसती काळजी वाटली होती. राग आला तो खुलाशावर.

कारण मूळ वाक्यात धमकीचा वास होता, आणि धमकी ओळखता येते. खुलाशात माया होती. तुम्ही कशाला तसदी घेता, मी आहे ना. ट्रम्प साहेबांनी हे इंग्रजीत म्हटलं, एवढंच. मराठीत मी ते कितीतरी वेळा ऐकलंय, आणि तेही मतदान केंद्रात बसून.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, म्हणजे निवडणूक ड्युटी चुकत नाही. सुरुवातीला मतदान अधिकारी, बोटाला शाई लावणारी. शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीत बसायचं, शाळेच्या खोलीत पाकिटं मोजत रात्र काढायची. पहाटे मॉक पोल. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, निकाल काढून जुळवायचा, मग सगळं पुसून यंत्र शून्यावर आणायचं. ते शून्य प्रत्येकाला दाखवायचं. एकमेकांचं तोंड न बघणारे पक्षांचे लोक त्या क्षणी डोक्याला डोकं लावून त्या छोट्या पडद्यात वाकलेले असतात. मला ते दृश्य फार आवडायचं. मग सीलं, सह्या, आणि सातला रांग आत.

करवीर तालुक्यातल्या एका गावात दुपारी एक जोडपं आलं. दोघंही साठीच्या पुढचे. नवऱ्याचं मत देऊन झालं आणि ते बायकोबरोबर परत आत निघाले.

"दादा, तुमचं झालं की. आता मावशींना जाऊ दे."

"हिला काय कळत न्हाई, बाई. मी दाबतो, सुटतो आमी."

नियम सोपा आहे. दिसत नाही किंवा शरीरानं अधू आहे म्हणून बटण दाबता येत नाही, अशाच मतदाराला सोबती घेता येतो, आणि त्या सोबत्यालाही मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. लिहिता-वाचता येत नाही हे कारण चालत नाही, म्हणून तर चिन्हं असतात. ‘कळत नाही’ हे तर कुठल्याच फॉर्मात नाही. मी तसं सांगितलं. ते तापले नाहीत, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अवो, चाळीस वर्सं मीच करतोय की हिचं. कशाला तिला तरास?"

मावशी एकट्या आत गेल्या. आणि बीप वाजेना. एक मिनिट झालं, दीड झालं. बाहेर रांग कुरकुरायला लागली, एक प्रतिनिधी माझ्याकडे बघून हसला, दादा दारात उभे राहून "वरनं तिसरं!" म्हणून ओरडणार तेवढ्यात पोलिसानं त्यांना मागे घेतलं. आम्ही सगळे यंत्राभोवतीच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे बघत बसलो होतो. शेवटी लांबलचक बीप आली. मावशी पदर सारखा करत बाहेर आल्या, नवऱ्याकडे न बघता चपला घातल्या आणि पुढं चालू लागल्या.

काय दाबलं? बहुतेक वरनं तिसरंच. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण त्या दीड मिनिटात त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं त्या काय करणार ते, नवऱ्यालाही नाही. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, की नाव सांगा, नाहीतर यादीत नाही. लोकांना ते कठोर वाटलं. मला ते पटतं, जरी त्या २८ लाखांत माझी आजी असती तर पटलं असतं का कोण जाणे.

आता खरं तर मला स्वतःबद्दलही एक सांगायला हवं, नाहीतर मी फारच शहाणी दिसेन. शहरातल्या एका केंद्रावर संध्याकाळी एक तरुण मुलगी आली, कामावरून थेट, डबा हातात. यादीत बघितलं तर तिच्या नावावर आधीच मत पडलेलं. कुणी दिलं, कसं दिलं, आमच्यातलंच कोण बेसावध होतं, देव जाणे. अशा वेळी ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ घेतात. यंत्रावर नाही, कागदावर. शिक्का मारायचा, घडी घालायची, वेगळ्या लिफाफ्यात टाकायची, वेगळ्या यादीत नोंद. तिनं सगळं नीट केलं आणि विचारलं, "बाई, हे मोजत्यात न्हवं?"

मी म्हटलं, "लिफाफ्यात सुरक्षित राहतं."

उत्तर खोटं नव्हतं. पण तिचा प्रश्न तो नव्हता. ती मतं नेहमीच्या मोजणीत धरतच नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाला गरज वाटली, तरच त्या लिफाफ्यांना किंमत येते. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली एक मोठे नेते एका मतानं पडले, तेव्हा असल्याच मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पण असं किती वेळा होतं? त्या मुलीला हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. म्हणजे तसदी नको म्हणून दुसऱ्याला गप्प बसवायची माया माझ्यातही आहे.

‘मशीनचं काय?’ हा जोडप्रश्न असतो. त्यावर मी पाहिलं तेवढंच बोलते. मतदान संपल्यावर किती मतं पडली त्याचा १७-सी फॉर्म भरून प्रतिनिधींना प्रत द्यावी लागते, आणि मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळवता येतो. ज्या पक्षाचा प्रतिनिधी चारलाच घरी जातो त्याच्याकडे तो कागद नसतो, ही अर्धी गोष्ट कुणी बोलत नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं आपल्याच खर्चानं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, तेव्हा मी हसणाऱ्यांत नव्हते. कायद्याप्रमाणे ते मतदान नव्हतंच, मान्य. तरी एक गाव स्वतः मोजायला बसतंय, यात हसण्यासारखं काय? त्याच महिन्यात नियम बदलून केंद्रांवरच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण वगैरे लोकांना बघायला मिळण्याची वाटही अरुंद केली. आयोगाची कारणं होती, मतदारांच्या खासगीपणाची आणि गैरवापराची. मला ती पुरेशी वाटली नाहीत. पहाटेचं शून्य आपण सगळ्यांना वाकून बघू देतो, मग संध्याकाळचं चित्रीकरण दाखवायला काय हरकत आहे?

असो. खरं उत्तर अजून दिलंच नाही.

कोल्हापूर महानगरपालिकेची निवडणूक झाली १ नोव्हेंबर २०१५ ला. ८१ नगरसेवक. मुदत संपली नोव्हेंबर २०२० मध्ये. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक व्हायला हवी. आधी कोरोना होता. मग प्रभागरचना. मग ओबीसी आरक्षणाचा खटला. कारणं सगळी खरी होती, एकही बनावट म्हणता येणार नाही. प्रशासक बसले. बसले ते बसलेच. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं राज्यभरच्या अडकलेल्या निवडणुका घ्या म्हणून बजावलं, त्यानंतरही मुदतवाढ झाली, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. दहा वर्षं आणि वर अडीच महिने. म्हणजे मुदत संपल्यावरही पाच वर्षांहून जास्त काळ या शहरात कुणाला महापालिकेसाठी मत द्यावं लागलं नाही.

याच कोल्हापुरात, जिथं विधानसभेला करवीर मतदारसंघात ८० टक्क्यांच्या वर मतदान होतं, जिथं तालमीच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या माणसं राज्याचं मंत्रिमंडळ ठरवतात.

आणि ओरड किती झाली? काही कार्यकर्ते बोलत राहिले, पत्रकं काढली. बाकी आम्ही सगळे गप्प. उलट रंकाळ्यावर ज्या गृहस्थांनी मला ट्रम्पचं विचारलं, तेच २०२२ साली म्हणाले होते, "बरं झालं बाई, नगरसेवक न्हाईत. कटकट गेली. साहेब लोक चांगलं चालवत्यात." मी मान डोलावली होती. साहेब लोक वाईट नव्हतेच, काही कामं तर झपाट्यानं झाली. आणि नगरसेवक असताना पेठेत रोज काय दिवाळी होती असंही नाही. २०१९ च्या पुरात नगरसेवक होते, पाणी काही त्यांचं ऐकत नव्हतं.

पण २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती केव्हाच मागे पडली होती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका ज्याच्या दारात गेल्या, तो माजी नगरसेवक होता. तो धावलाही बिचारा. मात्र कुणी त्याच्यावर चिडलं की म्हणायचा, "वहिनी, मी आता कोण?" त्याचं बरोबर होतं. आणि ज्यांच्या हातात कारभार होता त्यांच्या दारात भांडायला कोण जाणार? त्यांना आम्ही मत दिलंच नव्हतं, तर पुढच्या वेळी बघून घेऊ असं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तर ट्रम्पचं मला एवढं पडलंय ते यासाठी. मत द्यावं लागणार नाही म्हणजे कसं असतं, ते मी राहून बघितलंय. फार वाईट वाटत नाही. सवय होते.

१५ जानेवारीला मी माझ्या भाचीला घेऊन गेले. सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी करते, लोकसभा-विधानसभेला मत दिलेलं, महापालिकेला पहिल्यांदाच. नव्या पद्धतीत एका प्रभागात अ, ब, क, ड अशी चार-चार मतं द्यायची, त्यात तिची जरा धांदल उडाली. घरी आलो तर टीव्हीवर मुंबईत बोटावरची मार्करची शाई पुसली जाते म्हणून गदारोळ चाललेला. ही उठली, नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली घेऊन आली आणि कापसानं बोट घासायला बसली.

"जाते का?" मी विचारलं.

"फिकट झालीय. पूर्ण नाही." मग कापूस टाकून म्हणाली, "मावशी, आता पुढचं कधी?"

"२०३१. जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी."

"नक्की ना?"

मी तिला फोनमध्ये लिहून ठेवायला सांगितलं. तिनं लिहिलं, आणि आठवण एक महिना आधी वाजेल अशी लावली. मी म्हटलं, सहा महिने आधीची लाव.