‘खालची रेघ सरळ करून टाकली, सर’

एका मॉडेल ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या छोट्या विमानाच्या, पंखाचा एअरफॉइल (पंख आडवा कापला तर दिसणारा आकार) ठरवायला आणि त्याच्या रिब (पंखाला तो आकार देणाऱ्या लाकडी फासळ्या) हातात पडायला मला पाच महिने लागले. त्यातले साडेतीन महिने राजारामपुरीतल्या एका लेझर कटिंगच्या दुकानाच्या पायरीवर गेले. बाकीचा ग्लायडर, म्हणजे फ्यूजलाज (धड), शेपटी, सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वगैरे, दीड महिन्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला जुन्या वळणाचा ग्लायडर करायचा होता. डोळ्यासमोर होतं ग्रुनाऊ बेबी, एडमंड श्नायडरचं १९३१ सालचं जर्मन ग्लायडर. लाकडी सांगाडा, वर कापड, नाकापासून शेपटीपर्यंत एकही दिखाऊ रेघ नाही. खऱ्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १३.५७ मीटर, माझा अडीच मीटर. हुबेहूब प्रतिकृती करायची नव्हती, पण लांबून बघणाऱ्याला ‘हे जुन्या काळातलं’ असं वाटावं, एवढी हौस होती. आणि हौसेत माणूस पहिली चूक करतो ती मीही केली: खऱ्या विमानाला जो एअरफॉइल होता तोच घ्यायचा ठरवला.

तो गॉटिंगेन ५३५. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेत त्या काळी एकेक आकार वाऱ्याच्या बोगद्यात तपासून त्याला क्रमांक देत, त्यातला हा. जाडी पंखाच्या पुढून मागपर्यंतच्या रुंदीच्या जवळपास १६ टक्के आणि पोट, म्हणजे खालची बाजू, आत गेलेलं. या आत गेलेल्या पोटाला आपल्याकडे सगळे अंडरकँबरच म्हणतात. संध्याकाळच्या उन्हात असा पंख डोक्यावरून गेला की कापडातून रिबची कमान दिसते. मी त्या कमानीवरच भाळलो होतो. तरी १६ टक्के फारच वाटले म्हणून एक्सएफएलआर५ या एअरफॉइलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाडी १३ टक्क्यांवर आणली, पोट तसंच ठेवलं, ४२ रिबची फाइल केली आणि बालसाच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) फळ्यांसकट दुकानात नेऊन दिली.

आठ दिवसांनी रिब मिळाल्या. घरी येऊन एक रिब टेबलावर उभी ठेवली, तर ती आपली निवांत उभी! अंडरकँबरची रिब टेबलाला पुढे आणि मागे दोनच ठिकाणी टेकते, मधून उजेड दिसतो. इथे उजेडच दिसेना. दुसरी बघितली, तिसरी बघितली. बेचाळीसच्या बेचाळीस सपाट.

दुसऱ्या दिवशी दुकानात. ऑपरेटर पंचविशीतला, हुशार पोरगा. तो म्हणाला, “खालची रेघ जरा आत गेलती, सर. फाइल गंडल्याली वाटली. म्हटलं सर कामात असतील, आपणच सरळ करून टाकू.”

वर म्हणाला, “त्याचे पैसे लावले नाहीत.”

मला रागवायचं होतं, पण शब्द सापडेना. त्यानं नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ मारली होती. त्यामुळे नाक गोल राहण्याऐवजी खाली धारदार कोपरा तयार झाला होता. हवा अशा कोपऱ्यावरून नीट वळत नाही, पंख जरा वर उचलला की लगेच सुटते. म्हणजे त्या रिब अंडरकँबरच्या नव्हत्या आणि सपाट पोटाच्या चांगल्या एअरफॉइलच्याही नव्हत्या. बालसा कोल्हापुरात मिळत नाही, कुरिअरनं मागवावा लागतो, तोही गेला.

“परत कापून देतो की,” तो म्हणाला. “पण आता गणपतीनंतर.”

इथून खरी गोष्ट सुरू होते. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एमडीएफचे मखर, कमानी, महिरपी, मंडळांच्या नावांच्या पाट्या. माझ्या फळ्या कोपऱ्यात एका अर्धवट मोराखाली. गणपती झाले. गेलो तर म्हणाला नवरात्राच्या ट्रॉफ्या आणि पाट्या आल्यात. दसरा झाला. गेलो तर आकाशकंदील. दर वेळी चहा मात्र मिळायचा, आणि दर वेळी “तुमचं काम काय, वीस मिनिटाचं हाय” हे वाक्य. वीस मिनिटांचं काम कधीच होत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन तासांचं असतं तर त्यानं वहीत तारीख टाकली असती. तुम्ही जाणार असाल तर काम मोठं करून सांगा, आणि जून संपायच्या आत जा. श्रावण लागला की कोल्हापुरातली एकही लेझर मशीन तुमची नसते.

या रिकाम्या वेळात मी पहिल्यांदा नीट आकडेमोड केली. ती आधी करायला हवी होती.

एअरफॉइलचे जे आलेख मी बघत होतो त्यांच्या कोपऱ्यात रेनॉल्ड्स नंबर लिहिलेला असतो, म्हणजे त्या वेगाला आणि त्या रुंदीच्या पंखावर हवा कशी वागेल हे सांगणारा आकडा. मी तो वाचलाच नव्हता. माझ्या आलेखावर होता १० लाख. मॉडेलसाठी साधा हिशोब असा: वेग मीटर प्रति सेकंदात, पंखाची रुंदी मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार, त्याला ७० हजारांनी गुणायचं. पण ७० हजार हा आकडा समुद्रसपाटीच्या थंड हवेचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, त्यात दुपारी तीस अंश, हवा विरळ. म्हणून मी ५८ हजार धरतो. माझा ग्लायडर साधारण ९ मीटर प्रति सेकंदानं उडणार, मुळाशी रुंदी २२० मिलिमीटर. आला १ लाख १५ हजार. टोकाला रुंदी ११० ठेवली होती, तिथे जेमतेम ५७ हजार. खऱ्या ग्रुनाऊ बेबीचा पंख सरासरी मीटरभर रुंद आणि वेग ताशी साठेक किलोमीटर, त्यामुळे त्याचा आकडा ११ लाखांच्या आसपास जातो. आपण विमान पाचपट लहान करतो, हवा काही लहान होत नाही.

याचा परिणाम काय? आकडा मोठा असला की पंखाच्या पाठीवरची हवा लवकर खळबळते आणि त्या खळबळीच्या जोरावर जाड भागाचा उतार चिकटून उतरते. आकडा लहान असला की ती शांत, आळशी राहते. उतार लागला की पाठ सोडते, मध्ये एक फुगा धरते, कधी परत चिकटते, कधी नाही. पंख जितका जाड तितका उतार तीव्र, तितका धोका जास्त. गॉटिंगेन ५३५ खऱ्या आकारात गुणी आहे. माझ्या टोकाला, ५७ हजारांवर, तोच आकार नुसता ओझं झाला असता.

एअरफॉइलच्या .डॅट फाइलीतून रिबच्या रेघेचे आकडे उतरवताना एक बघा, सांगायचं राहून जाईल. काही फाइली शेपटीपासून सुरू होऊन पाठीवरून नाकाला जातात आणि पोटाखालून परत येतात. काहींत पाठ आणि पोट दोन्ही वेगवेगळं, नाकापासून. गल्लत झाली की पंखातून आडवी रेघ जाते. अशी रेघ मात्र ऑपरेटरनं सरळ केली तर त्याचा दोष नाही.

तरीही अंडरकँबर सुटत नव्हता. तो सुटला मसाई पठारावर. सप्टेंबरमध्ये एका मित्राचा फोमचा ग्लायडर घेऊन पन्हाळ्याच्या पुढे गेलो होतो. पठाराच्या कडेवर पश्चिमेचा वारा खालून वर येतो, त्याच्यावर ग्लायडर तासन्‌तास तरंगतो. मित्राच्या ग्लायडरला बऱ्यापैकी अंडरकँबर. वर गेला झकास, पण वारा वाढला तसा जागेवर थांबला आणि मग नाक खाली दाबूनही हळूहळू मागे सरकायला लागला. आत गेलेलं पोट हळू उडायला उत्तम. वेग वाढवायला गेलं की अडवतं. मित्र रिमोटची स्टिक पुढे दाबून धरतोय आणि ग्लायडर आमच्या डोक्यावरून मागे पठारावर चाललाय. शेवटी अर्धा किलोमीटर चिखल तुडवून शोधला. येताना गाडीत मी ठरवलं, पोट सपाट.

मग पर्याय कमी उरले. एसडी ७०३७ आणि एस ३०२१ हे एअरफॉइल अलीकडचे, माझ्या आकड्यांना चपखल, पण जाडी नऊ-साडेनऊ टक्के. २२० च्या रिबमध्ये २० मिलिमीटर. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा कणा, जितका खोल तितका ताठ, आणि हे प्रमाण वर्गाचं असतं, त्यामुळे पाच मिलिमीटर सोडून द्यायला जीव होईना. शिवाय जुन्या वळणाच्या ग्लायडरला पातळ पंख म्हणजे फेट्याखाली गॉगल. एपलर २०५ जवळपास घेतलाच होता. शेवटी क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्कनं १९२२ मध्ये काढलेला, जाडी ११.७ टक्के, म्हणजे माझ्या मुळाशी साडेपंचवीस मिलिमीटरच्या वर. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्ग ज्या विमानातून अटलांटिक ओलांडून गेला त्यालाही हाच. वय ग्रुनाऊ बेबीपेक्षा जास्त, तेव्हा हौसही भागली. पोट पुढच्या ३० टक्क्यांनंतर सपाट, त्यामुळे पंख सरळ पाटावर ठेवून जोडता येतो. टोक ११० वरून १३० केलं, आकडा ६८ हजारांवर गेला.

नवी फाइल घेऊन दुकानात गेलो. ऑपरेटरनं स्क्रीनवर बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. “सर, मी तेच केलतं की!”

नाही. त्यानं तेच केलं नव्हतं. क्लार्क वायचं नाक टेबलापासून वर उचललेलं असतं, गोल असतं. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “पण ही नवीन फाइल झाली. म्हणजे नवीन काम. नंबर मागं जाईल.”

नोव्हेंबर उजाडला होता. मी फळ्या उचलल्या आणि निघालो.

उद्यमनगरात एक पॅटर्न मिस्त्री आहेत. फाउंड्रीसाठी सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करतात, वडिलांच्या ओळखीचे. खरं तर त्यांच्याकडे दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, वैतागलेला बघून त्यांनी विचारलं. मी रिब दाखवली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली.

“हे लाकूड हाय व्हय? वजनच न्हाई ह्याला.” मग म्हणाले, “किती नग?”

“बेचाळीस.”

“मग त्याला मशीन कशाला पायजे? दोन फरमे कर, मधी फळ्या आवळ, आन् घासत बस.”

झालं. साडेतीन महिन्यांचं काम एका वाक्यात. अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचे फरमे, म्हणजे रिबच्या आकाराचे नमुने, त्यांच्याच बाकावर बसून केले. माप घ्यायला मी समोरची पट्टी उचलली, तर त्यांनी हातातून काढून घेतली. “ती नको. ती ओतकामाची.” बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसतं म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचा मिलिमीटर मुळातच एक टक्का मोठा असतो. माझी २२० ची रिब २२२ झाली असती.

पंखाचा आतला अर्धा भाग एकाच रुंदीचा, तिथे दोन्ही फरमे सारखे. बाहेरच्या निमुळत्या भागाला एका टोकाला मोठा, दुसऱ्याला छोटा, मध्ये बालसाचे तुकडे, आरपार दोन बोल्ट. पॉलिशपेपर लावलेल्या फळीनं दोन्ही फरमे लागेपर्यंत घासायचं. मधल्या रिब आपोआप चढत्या मापाच्या होतात, फक्त कडा तिरक्या राहतात, त्या नंतर काढायच्या. स्पारच्या खाचाही हॅकसॉचं पातं घालून सगळ्यांना एकदमच. एका रविवारात ४२ रिब. बायको म्हणाली, घरात पीठ सांडल्यासारखं दिसतंय.

फरमा करताना मी एक विसरलो होतो, मिस्त्रींनी विचारलं म्हणून आठवलं: वर काही चिकटवणार का? नाकापासून स्पारपर्यंत दीड मिलिमीटरचा बालसा येतो. तो रिबमधून वरून आणि खालून दोन्हीकडे वजा करायचा, नाहीतर कागदावरचा क्लार्क वाय पंखावर फुगतो. तो बालसा टाळू नका. नुसतं कापड लावलं तर दोन रिबच्या मध्ये ते खाली बसतं आणि निवडलेला एअरफॉइल फक्त रिबवरच उरतो. आणि कागदावर प्रिंट काढणार असाल तर शेजारी १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवा. झेरॉक्सवाल्याचं मशीन गुपचूप सगळं ९७ टक्क्यांवर आणतं.

टोक आधी स्टॉल होऊ नये, म्हणजे तिथली उचल आधी सुटू नये, म्हणून बाहेरच्या अर्ध्या पंखाला अडीच अंश वॉशआउट, म्हणजे टोकाकडे मागची कड वर नेणारा पीळ, दिला. जोडताना टोकाच्या मागच्या कडेखाली साडेपाच मिलिमीटरची पट्टी सारायची, बास.

जानेवारीत दुकानातून फोन आला. “सर, आता गर्दी कमी हाय. ते पंखाचं करून टाकू का?” मी म्हटलं, झालं ते. “कुठं केलासा?” त्याचा आवाज खरंच दुखावल्यासारखा होता.

फेब्रुवारीत ऊस तुटून गेलेल्या एका रानात पहिलं उड्डाण केलं. वर नेऊन मुद्दाम स्टिक ओढत ठेवली. वेग मरेपर्यंत पंख सरळ राहिले, मग नाक पुढे पडलं, कुठल्याही बाजूला गिरकी नाही. दहा मिनिटं वर होता. संध्याकाळी परत सोडला, उन्हाच्या दिशेनं. डोक्यावरून गेला तेव्हा कापडातून रिब दिसल्या, सगळ्या सपाट पोटाच्या. कमान तेवढी राहिली.