वार म्हण की, ताई

पडद्यावर मुंबईचा पाऊस सुरू झाला आणि चित्राच्या तळाशी, जिथं माझं मराठी वाक्य उमटायचं होतं, तिथं पांढऱ्या चौकोनांची एक रांग आली. मग दुसरी. हॉलमध्ये साठेक बायका बसल्या होत्या, निम्म्या अजून ड्यूटीच्या कपड्यांत. कुणी काही बोललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. त्यांना वाटलं, दोष त्यांच्या चष्म्याचा आहे. ते बघून माझ्या पोटात तुटलं.

मी सबटायटल्स लिहिते. 17 वर्षं झाली. मराठी चित्रपटांची इंग्रजीत आणि बाहेरच्या भाषांतल्या चित्रपटांची मराठीत. बाकी वेळ कोल्हापुरातल्या एका छोट्या फिल्म सोसायटीचं काम बघते. 12 मे हा परिचारिका दिन. त्या निमित्तानं राजारामपुरीतल्या एका नर्सिंग कॉलेजातून विचारणा आली, आमच्या सिस्टर्सना एखादा चांगला सिनेमा दाखवाल का? माझ्या तोंडून एकच नाव निघालं, पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. सोबत एक अटही घातली. नुसत्या सिस्टर्स नकोत. दवाखान्यातल्या मावशी आणि कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायकाही आल्या पाहिजेत.

कारण हा चित्रपटच त्यांचा आहे. मुंबईच्या एका इस्पितळात प्रभा आणि अनु या दोन मल्याळी नर्स. प्रभाचा नवरा लग्न झाल्यावर जर्मनीला गेला, आता त्याचा फोनही येत नाही. अनुचं एका मुसलमान मुलावर प्रेम आहे आणि ते तिला लपवावं लागतं. तिसरी पार्वती, त्याच इस्पितळातली स्वयंपाकीण, आपली छाया कदम. पार्वतीचा नवरा वारलाय, राहत्या घराचे कागद नाहीत आणि बिल्डरला जागा हवी आहे. 2024 च्या मे महिन्यात या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक. त्याआधी 30 वर्षं भारताचा एकही चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत नव्हता. हे सगळं पेपरात छापून आलं. पण ज्या बायकांच्या हातांवर हा चित्रपट उभा आहे, त्यांच्यातल्या किती जणींनी तो बघितला? पात्रं निम्मा वेळ मल्याळममध्ये बोलतात, खाली इंग्रजी ओळी पळतात. मावशींनी तो बघायचा कसा?

हा प्रश्न माझा नव्हे, जुना आहे. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. ज्या बायकांवर संशोधन केलं त्यांना ते वाचता येणार नाही, हे त्यांना सलत राहिलं आणि त्या सिनेमाकडे वळल्या. 1985 चा ‘बाई’ हा लघुपट त्यातून झाला. माझ्या टेबलासमोर मी ही एवढीच गोष्ट लिहून चिकटवली आहे.

म्हणून तीन आठवडे बसून मराठी भाषांतर केलं. मल्याळम मला येत नाही. इंग्रजी ओळींवरून काम केलं आणि त्याच दवाखान्यातल्या केरळच्या एका सिस्टरनं रोज रात्री फोनवर ते तपासलं. ती 11 वर्षं कोल्हापुरात आहे, बाजारात भाव करताना कुणाला ओळखू येणार नाही असं बोलते. अनु प्रभाला ‘चेची’ म्हणते, तिथं मी ‘ताई’ लिहिलं होतं. ती म्हणाली, “चेचीच राहू दे. तो शब्द ऐकला की मला घर आठवतंय.” राहू दिला.

चाचणी आदल्या दिवशी नीट झाली होती. ज्या लॅपटॉपवर झाली तो मात्र सकाळी परीक्षेच्या कामाला गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्याच्यात देवनागरी नीट बसवलेली नव्हती, म्हणून अक्षरांऐवजी चौकोन. दुरुस्त व्हायला तास तरी गेला असता. चार वाजून गेले होते आणि कँटीनच्या बायकांना साडेसहाला परतायचं होतं, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. चित्रपट दोन तासांचा. बाहेर वळवाचे ढग भरून आलेले, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

पिशवीत भाषांतराची छापील प्रत होती, 44 पानं. शुद्धलेखन मी कागदावरच तपासते. मी माइक मागून घेतला, पडद्याच्या डाव्या अंगाला स्टूल ओढलं आणि मोबाइलचा उजेड कागदावर धरला. केरळची सिस्टर न सांगता उठून माझ्या शेजारी येऊन बसली. कोण बोलतंय ते ती माझ्या कोपराला बोट लावून सांगणार होती, एकदा टोचलं की प्रभा, दोनदा टोचलं की अनु.

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून प्रेक्षकांना गोष्ट सांगणारा माणूस असे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं हे गाव. खरी कॉर्नरचं कॅमेऱ्याचं स्मारक रोज जाता-येता दिसतं. पेंटरांनी 1920 साली ‘सैरंध्री’ केला, त्यात बायकांची कामं बायकांनी केली. मीही तशीच पडद्याशेजारी बसेन असं कधी वाटलं नव्हतं.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. छापील मराठी डोळ्यांनी वाचायला बरी, कानाला कोरडी लागत होती. सबटायटलची ओळ बेताची, म्हणून वाक्यं काटून ठेवलेली. मी वाचत होते आणि हॉल गप्प होता, शाळेत धडा ऐकताना असतो तसा.

मग तो प्रसंग आला. शिकाऊ नर्स बाळंतपणानंतरच्या वासानं नाक मुरडतात आणि प्रभा त्यांना झापते. माझ्या कागदावर ‘अपरा’ लिहिलं होतं. कोशात बघून लिहिलेला, अगदी बरोबर शब्द. मी तो वाचला. अंधारातून मागच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला, “वार म्हण की, ताई! अपरा काय?”

हॉल हसला. पाठोपाठ दुसरी म्हणाली, “प्लासेंटा म्हटलं तरी चालतंय, पण अपरा कोण म्हणतंय?”

ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. आयुष्यभर बाळंतिणींची वार हातानं उचललेल्या बायकांसमोर मी त्यांच्या कामाचं परकं नाव घेतलं होतं. माइकवर म्हटलं, “वार. चुकलं माझं.” आणि कागद बाजूला ठेवला. म्हणजे डोळ्यांसमोर होताच, पण आता मी त्यातला अर्थ तेवढा घेत होते आणि बोली माझ्या घरची लावत होते.

आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. माझी आजी म्हणायची, आई म्हणते, मीही घरात म्हणते. लिहिताना मात्र हात आपोआप ‘आले’, ‘जाते’ लिहितो. त्या अंधारात प्रभा बोलू लागली आणि माझ्या तोंडून आलं, “तू झोप, मी जेवून आलोय.” हॉलमधून एक हुंकार आला. केरळची सिस्टर कानात म्हणाली, “आता बरोबर.” तिथून पुढं प्रभा आणि अनु कोल्हापूरच्या झाल्या. एका मावशींनी तर ‘चेची’ला ‘आक्का’ करून टाकलं आणि शेजारणीला मोठ्यानं समजावून सांगितलं, “आक्का म्हंत्या ती तिला.”

छाया कदमला सगळ्यांनी लगेच ओळखलं. “ही ‘सैराट’मधली सुमन आक्का.” दोघीतिघी तरुण सिस्टर्सनी ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवर चहा विकणारी मंजू माई सांगितली. तो किरण राव यांचा, तोही 2024 चाच. एकाच वर्षात दोन बाई दिग्दर्शकांनी या बाईला असं काम दिलं, याचा मला फार आनंद आहे. कष्टकरी बाईचा कणखरपणा आणि तिचं थकलेपण ही दोन्ही तिच्या एका नजरेत दिसतात.

प्रभाच्या घरी जर्मनीहून एक खोकं येतं. आत भाताचा कुकर, लाल रंगाचा. चिठ्ठी नाही, नाव नाही. एका रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते. त्या जागी माझ्या कागदावर काहीच नव्हतं, कारण तिथं कुणी बोलत नाही. मी माइक मांडीवर ठेवला. एवढ्या बायका असून पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या कोपरावरचं सिस्टरचं बोट तसंच टेकून राहिलं. तिचा नवरा मस्कतला आहे, दोन वर्षांतून एकदा येतो. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी तिच्याकडे वळून बघितलं नाही.

मग बाहेर वळीव कोसळला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला आणि पडद्यावरही पाऊसच. माझा आवाज कुणाला पोचेना. मी उठून दोन रांगांमधल्या वाटेत उभी राहिले आणि माइक असून ओरडून सांगू लागले. वकील पार्वतीकडं कागद मागतोय. तिच्याकडं कागद नाहीत. नवऱ्यानं कधी काही सांगितलंच नाही. हे तीन वेळा सांगावं लागलं, तीन ठिकाणी उभं राहून.

पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा मागून कडक शिट्टी आली. पाठोपाठ टाळ्या. प्राचार्या बाई माझ्याकडं बघून हसल्या, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या भागात त्या तिघी रत्नागिरीकडच्या समुद्रकाठच्या गावी जातात. तिथं अनु आणि तिच्या मित्राचा प्रणयप्रसंग आहे. खरं सांगते, दिवसभर मला त्याचीच धास्ती होती. मी आधी सगळ्यांना कल्पना दिली होती, विद्यार्थिनीही अठराच्या पुढच्याच होत्या. तरी मोठ्या सिस्टर्ससमोर लहान मुली अवघडतील असं वाटत होतं. प्रसंग आला आणि गेला. कुणी खोकलं नाही, कुणी मान खाली घातली नाही. चष्मा पुसणाऱ्या मावशी एवढंच म्हणाल्या, “पोरगी सुखात हाय.” बाईच्या नजरेतून चित्रित केलेला प्रसंग आणि आपण एरवी बघतो ते, यांतला फरक मी व्याख्यानात कितीदा समजावत आले आहे. तो मावशींना समजावावा लागला नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी दिवे लागले. माझा घसा बसला होता. समारोपाला मी प्रभातची गोष्ट सांगणार होते: 1929 ला कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 ला पुण्याला गेली, तिच्याच जागेत 1960 ला फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि पायल कपाडिया तिथंच शिकल्या. माझ्या मते आपल्या गावानं अभिमानानं सांगावं असं हे नातं आहे. पण आवाज फुटेना, आणि बायका आधीच आपसात बोलू लागल्या होत्या. शिकाऊ मुलींना वासावरून कोण झापतं, कोण झापत नाही. बुडालेल्या माणसाला प्रभानं छाती दाबून वाचवलं ते हात बरोबर ठेवले होते का. दोन सिस्टर्स तर खुर्चीच्या पाठीवर तळवे ठेवून दाखवू लागल्या.

कँटीनच्या बायका घाईनं निघाल्या. त्यातली एक दारातून परत आली. पन्नाशीची, हातात छत्री. “ताई,” ती म्हणाली, “त्या पार्वतीकडं लाईट बिल तरी हुतं का?”

मी म्हटलं, सिनेमात तसं काही दाखवलं नाही.

“न्हाई, म्हंजे कुणाच्या नावावर हुतं?”

मी काही बोलायच्या आत तिला हाका आल्या आणि ती गेली. त्या रात्री मी भाषांतर पुन्हा उघडलं. ‘अपरा’ खोडून ‘वार’ केलं. ‘जाते’च्या जागी ‘जातो’ करावं का, यावर बराच वेळ अडले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ते चुकीचं वाटेल. शेवटी दोन प्रती केल्या आणि कोल्हापूरच्या प्रतीत ‘जातो’ ठेवलं.

पाचव्या दिवशी त्या छत्रीवाल्या बाईचा फोन आला, केरळच्या सिस्टरकडून नंबर घेऊन. ती गंगावेशीतल्या एका जुन्या वाड्यात राहते, लग्न होऊन आली तेव्हापासून भाड्यानं. ट्रंक काढून बघितली म्हणाली. लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर, भाड्याच्या पावत्याही सासऱ्यांच्याच. सासरे जाऊन 19 वर्षं झाली, नवरा जाऊन सहा. वाडा विकायचा चाललाय असं मालकाच्या पुतण्यानं परवाच सांगितलं होतं, पण तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

“उद्या साडेअकराला वकिलाकडं जायचंय,” ती म्हणाली. “मालकाचं कागद इंग्रजीत हायती. तू ये. मला वाचून दाखीव, त्या दिवशी दाखवलीस तसं.”