दिलेला बोनस परत मागायचा कागद : माझा अनुभव

मी एका प्रायव्हेट बँकेत एचआरला आहे, नाव नको. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नागपूरला घरी अडकलो आणि नेमकी तेव्हाच मोठ्या साहेबांच्या पगाराची पॉलिसी नव्याने लिहायची फाइल गळ्यात पडली. त्यामागचं आरबीआयचं सर्क्युलर नोव्हेंबर 2019 चं, लागू 1 एप्रिल 2020 पासून, आणि आमच्याकडे फाइल हलली मे महिन्यात. नागपूरचा मे, त्यात कॉलवर काही ऐकू येत नाही म्हणून कूलर बंद ठेवायचा!

पहिलं भांडण यादीवरून. एमडी आणि होलटाइम डायरेक्टर यांच्याशिवाय हे नियम ज्यांना लागतात ते 'मटेरियल रिस्क टेकर', म्हणजे ज्यांच्या निर्णयांनी बँक मोठ्या धोक्यात येऊ शकते असे लोक, कोण कोण ते ठरवायचं होतं. अप्रेझलला "एवढं मोठं कर्जांचं बुक मी एकट्याने सांभाळतो" म्हणणारे आता म्हणे "मी फक्त फाइल पुढे पाठवतो". हसू आवरत नव्हतं.

क्रेडिटचे एक साहेब मूळचे नागपूरचेच. त्यांचा फोन आला, "काहून रे, माझं नाव कोणी टाकलं?" मी म्हटलं सर, आधी हिशोब बघा. समजा फिक्स्ड 60 लाख आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा बोनस वगैरे, 60 लाख, तर त्यातले निदान 30 शेअरच्या रूपात, एकूण 60 टक्के म्हणजे 36 लाख किमान तीन वर्षांसाठी मागे ठेवायचे, कॅशचेही अर्धे त्यातच, म्हणजे यंदा रोख जास्तीत जास्त 15, तेही टॅक्सच्या आधी. "अरे बाप्पा, आणि ईसॉप?" म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क. तेपण आता व्हेरिएबलमध्येच सर, पूर्वी बाहेर होते. व्हेरिएबलची फिक्स्डच्या 70 टक्क्यांची जुनी मर्यादा आता फिक्स्डच्या तिपटीपर्यंत, म्हणजे 300 टक्क्यांवर गेली हे सांगितलं, पण तोवर ते ऐकायच्या मूडमध्ये नव्हते.

खरं अडलं ते मालस-क्लॉबॅकच्या कागदावर. मालस म्हणजे अजून न दिलेलं थांबवणं हे पटलं, पण क्लॉबॅक म्हणजे दिलेलं परत घेणं, ते कोणालाच पटेना. "घरावर खर्च केलेले पैसे कुठून देऊ?" हा प्रश्न मला रास्त वाटला, खरं सांगतो. पण एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, लपवून बोनस उचलायचा आणि तीन वर्षांनी खड्डा दिसायचा, मग त्याला दुसरा उपाय काय?

एमडींच्या पगाराची फाइल वेगळी, बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या कलम 35बी खाली ती आरबीआयच्या मंजुरीला जाते, ते काम मुंबईच्या टीमने बघितलं.

क्रेडिटच्या त्या साहेबांची क्लॉबॅकच्या कागदावर सही जूनच्या शेवटी आली, मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो, आणि खाली तारीखच नाही. परत फोन लावला.